जुने स्टिरिओ स्पीकर : घ्यावेत की न घ्यावेत?

आपल्या सीमाभागातील व्यापारी घराण्यांत जुन्या वस्तूंविषयी आदर आहे. परंतु तो आदर आंधळा नाही. आजोबांच्या काळातील पितळी तराजू आपण जपून ठेवतो, पण त्याने माल मोजून देत नाही. जुनी वस्तू पेढीवर आली की तिच्याकडे दोन प्रश्नांनी पाहावे लागते. ही वस्तू काम किती देईल, हा पहिला प्रश्न. आणि पुढे विकावयाची झाल्यास तिचे मोल राहील काय, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा भिन्न असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की व्यवहार फसतो.

सांप्रत आपल्या घरांतील तरुण मंडळींत जुन्या स्टिरिओ स्पीकरांची आवड वाढत आहे. हैदराबादच्या कोठी भागातील गुजराती गल्ली, मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, या ठिकाणी तीस, चाळीस, पन्नास वर्षांपूर्वीच्या जोड्या पाहावयास मिळतात. त्यांच्यासाठी कधी काही हजार, तर कधी लाखाच्या घरात रक्कम मागितली जाते. ती द्यावी की न द्यावी, याविषयी घरात वडीलधारे व तरुण यांच्यात मतभेद होतात. वडील म्हणतात, "भंगारास पैसा का घालावा?" मुलगा म्हणतो, "असा आवाज आता मिळत नाही." दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य आहे. ते किती, हे येथे उलगडून सांगण्याचा आमचा हेतू आहे.

आठवणीतला आवाज कोणता?

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. बीदर, भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या बाजूच्या घरांतून जुन्या आवाजाची जी गोड आठवण सांगितली जाते, ती बहुतेक ठिकाणी स्टिरिओची नाही. ती रेडिओची आहे. निजामी राजवटीतील 'डेक्कन रेडिओ' १९५० साली आकाशवाणीत विलीन झाला. १९५२ पासून रेडिओ सिलोनवरील 'बिनाका गीतमाला' घरोघर पोचू लागली. १९६६ साली गुलबर्गा येथे (म्हणजे आजच्या कलबुर्गीस) आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. हे सारे मध्यम व लघुलहरींवरचे प्रक्षेपण होते. त्या पद्धतीत साधारणतः साडेचार ते पाच हजार कंपनांच्या वरचे सूर श्रोत्यापर्यंत पोचतच नसत. मनुष्याचा कान तारुण्यात सुमारे वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू शकतो. अर्थात त्या रेडिओचा जो मऊ, उबदार आवाज आपल्या वडीलधाऱ्यांना आठवतो, त्याचा गोडवा पुष्कळ अंशी वरचे सूर गाळले गेल्याने आलेला होता.

म्हणून "आमच्या घरच्या जुन्या मर्फीसारखा आवाज हवा" अशा इच्छेने कोणी मोठे परदेशी स्पीकर आणले, तर त्याची निराशा होण्याचा संभव आहे. चांगला स्टिरिओ स्पीकर हा आवाज मऊ करण्यासाठी नसतो. ध्वनिमुद्रणात जे आहे ते उघड करण्यासाठी असतो. आठवण विकत घ्यावयाची की यंत्र विकत घ्यावयाचे, हे आधी मनाशी ठरवावे.

यंत्राची घडण

स्पीकरचे अंतरंग समजल्याशिवाय त्याची परीक्षा करता येत नाही. आज घरोघर आहे तो कागदी शंकूचा व हलत्या तारगुंडीचा स्पीकर १९२५ साली अमेरिकेत राइस व केलॉग या दोन अभियंत्यांनी व्यवहार्य स्वरूपात मांडला. एका चुंबकाच्या अरुंद फटीत तारेची गुंडी असते. तीतून गाण्याचा विद्युत्प्रवाह गेला की ती पुढेमागे हलते, तिला जोडलेला शंकू हवेस ढकलतो आणि नाद उत्पन्न होतो. शंकूच्या बाहेरच्या कडेस एक लवचीक किनार असते. ती कापडाची, रबराची किंवा फोमची असते. जाड सुरांसाठी मोठा शंकू व बारीक सुरांसाठी लहानसा घुमट, आणि कोणता सूर कोणाकडे जावा हे ठरविणारी छोटी विद्युत्जोडणी, जिला 'क्रॉसओव्हर' म्हणतात, एवढा हा संसार एका लाकडी पेटीत नांदतो.

स्टिरिओची कल्पना ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लुमलाइन याने १९३१ साली पेटंटासाठी मांडली. तथापि स्टिरिओ तबकड्या बाजारात सर्वत्र आल्या त्या १९५८ च्या सुमारास. त्यापूर्वी १९५४ साली एडगर व्हिल्चर याने हवाबंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखविला. पुढे ऑस्ट्रेलियातील थील व स्मॉल या दोन संशोधकांनी १९६१ नंतरच्या दशकभरात पेटीचे माप व शंकूचे गुणधर्म यांचे गणित बसवून दिले. या गणितामुळे पूर्वी अंदाजाने व्हावयाचे काम हिशेबाने होऊ लागले. म्हणून १९७० नंतरच्या चांगल्या कारखान्यांचा माल त्यापूर्वीच्या मालाहून सामान्यतः अधिक भरवशाचा असतो. केवळ अधिक जुना म्हणजे अधिक चांगला, हा नियम येथे लागू नाही.

जुन्यांच्या बाजूने काय म्हणता येईल?

जुन्यांची बाजू मांडणारा पहिला मुद्दा असा की, निसर्गाचा एक नियम कोणत्याही कारखान्यास मोडता येत नाही. खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, या तीन गोष्टींपैकी दोनच एका वेळी मिळतात. हा नियम अमेरिकेतील हॉफमन या संशोधकाच्या नावाने ओळखला जातो. आजचे कारखाने लहान पेटी पसंत करतात, कारण शहरातील घरे लहान आहेत. त्यामुळे त्यांना प्रवर्धकाकडून अधिक शक्ती मागावी लागते. जुन्या काळी प्रवर्धक दुर्बळ व घरे प्रशस्त होती. म्हणून पेट्या मोठ्या केल्या जात. ज्या स्पीकरची संवेदनशीलता तीन डेसिबलने अधिक, त्यास तेवढ्याच आवाजासाठी निम्मी शक्ती पुरते. दहा डेसिबलने अधिक असल्यास एक दशांश. आपल्या बाजूच्या वाड्यांतून ऐसपैस माजघरे व दिवाणखाने अजून आहेत. तेथे मोठ्या पेटीचा जुना स्पीकर थोडक्या शक्तीत आरामात गातो.

दुसरा मुद्दा लाकडाचा व मजुरीचा. जाड फळीची, आतून आधार दिलेली, वर अस्सल सागाचा किंवा अक्रोडाचा पापुद्रा चढविलेली पेटी आज नव्याने करवून घ्यावयाची तर खर्च मोठा येतो. जुन्या जोडीत ती आयती मिळते.

तिसरा मुद्दा असा की, काही थोड्या जोड्यांनी खरोखरच कीर्ती मिळविली आहे. ब्रिटिश प्रसारण संस्थेने फिरत्या गाड्यांतील अरुंद जागेसाठी १९७० च्या दशकात 'एलएस ३/५ ए' हा चिमुकला स्पीकर बेतला. मानवी कंठस्वर त्यातून इतका यथातथ्य येतो की, जपान व हाँगकाँगपर्यंत त्यास गिऱ्हाईक लाभले आणि जुन्या जोड्यांचे भाव मूळ किंमतीहून वर गेले. आपल्या देशातही कोलकात्यास १९७० साली स्थापन झालेल्या सोनोडाइन कंपनीच्या जुन्या जोड्या अजून आवडीने बाळगल्या जातात.

परंतु येथेच व्यापाऱ्याने थबकावे. ही कीर्ती मोजक्या नावांची आहे. त्यांच्या भावावरून प्रत्येक जुन्या पेटीचा भाव ठरविणे म्हणजे एका पोत्यातील उत्तम तुरीवरून सबंध आवकेचा दर लावणे होय.

काळ कोठे कुरतडतो?

बीदरची जुनी बिदरी सुरई शंभर वर्षांनीही सुरईच राहते. जस्त व तांब्याच्या मिश्रधातूवरील चांदीचे काम काळाने फिके पडले तर पुसून उजळता येते. स्पीकरचे तसे नाही. तो हलणारे यंत्र आहे आणि त्याचे काही अवयव वापरले नाहीत तरी मरतात.

सर्वांत अगोदर जाते ती फोमची किनार. उष्णता, दमट हवा व ऊन यांनी फोमचा भुगा होतो. दहा ते वीस वर्षांत हे घडतेच. कलबुर्गीचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो, हे आपण जाणतोच. रबराची किनार पुष्कळ अधिक टिकते आणि मसाला लावलेल्या कापडाची त्याहूनही अधिक. फोमची किनार बदलता येते. त्यात दोष नाही, मात्र गुंडी बरोबर मध्यावर बसविणारा हात कसबी हवा.

दुसरा अवयव म्हणजे क्रॉसओव्हरमधील कपॅसिटर. त्यांपैकी रासायनिक द्रव असलेले कालांतराने सुकतात व आवाजाचा तोल बिघडवितात. ते स्वस्त असतात व बदलणे सोपे असते.

तिसरा अवयव चुंबक. जुन्या स्पीकरांत ॲल्युमिनिअम, निकेल व कोबाल्ट यांचे 'अल्निको' चुंबक असत. १९७८ साली आफ्रिकेतील झाइर देशाच्या शाबा प्रांतात लढाई पेटली, तेथील खाणींतून येणाऱ्या कोबाल्टचे भाव भडकले आणि कारखान्यांना स्वस्त फेराइट चुंबकाकडे वळावे लागले. आज अल्निकोच्या नावाने अधिक किंमत मागतात. वस्तुतः हा बदल मुख्यतः मालाच्या भावाने घडविला, आवाजाच्या दोषामुळे नव्हे. उत्तम फेराइट स्पीकर पुष्कळ आहेत. उलट अल्निको चुंबकाची शक्ती अतिप्रवाहाने किंवा आघाताने घटू शकते.

चौथा व सर्वांत गंभीर दोष म्हणजे जळालेली गुंडी, किंवा तिच्या जागी बसविलेला परका शंकू. ज्या कारखान्याचे सुटे भाग मिळत नाहीत, त्याचा बारीक सुरांचा घुमट गेला की जोडीचा जीवच गेला असे समजावे.

परीक्षा कशी करावी?

तुरीचा सौदा करताना आपण पोत्यात सळई खुपसून नमुना काढतो. पोत्यावरील छापावर विसंबत नाही. स्पीकरचीही अशीच परीक्षा आहे आणि ती कोणासही करता येते.

१. पुढची जाळी काढावयास सांगावी. किनार बोटाने अलगद दाबून पाहावी. चिकट लागली किंवा तुकडा निघाला तर ती संपली. जाळी काढण्यास विक्रेता नकार देईल तर तेथून उठावे.

२. दोन्ही हातांच्या बोटांनी शंकू सारखा दाब देऊन हळूच आत सारावा. खरखर जाणवली तर गुंडी वाकडी किंवा जळकी आहे.

३. मीटरने रोध मोजावा. आठ ओहमच्या स्पीकरचा रोध मीटरवर साधारण साडेपाच ते सात आणि चार ओहमचा तीन ते साडेतीन दाखवितो. मीटर काहीच दाखवीत नसेल तर तार तुटलेली आहे. दोन्ही पेट्यांचे आकडे जवळपास सारखे यावेत.

४. दोन्ही पेट्यांचे क्रमांक, शंकूंचा रंग व मागील खिळे-स्क्रू ताडून पाहावेत. वेगवेगळ्या जोड्यांतून जुळविलेला माल यावरून कळतो.

५. परिचित गाणे लावावे, आणि तेही हलक्या आवाजात. भीमसेन जोशींचे गायन घ्यावे. तंबोऱ्याची जवारी अखंड व स्वच्छ ऐकू यावी, डग्ग्याचा घुमारा फुगू नये व थांबताच विरावा. मोठ्या आवाजात सर्वच स्पीकर क्षणभर प्रभावी वाटतात; हलक्या आवाजात दोष उघडे पडतात.

सहावी परीक्षा आपल्या स्वतःची आहे. कॅनडातील संशोधक फ्लॉइड टूल व त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. श्रोत्यांना स्पीकर दिसत असताना त्यांनी जे गुण दिले, ते पडद्याआड तेच स्पीकर ऐकताना बदलले. नाव, आकार व रूप यांनी कानावर अंमल केला होता. पूर्वी आडतबाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत, तो दुसऱ्यास कळू नये म्हणून. येथे रुमाल आपल्याच डोळ्यांवर टाकावा. शक्य असल्यास जुनी जोडी व तेवढ्याच किंमतीची नवी जोडी शेजारी ठेवून, मध्ये पडदा धरून, घरातील दोघातिघांना सारख्याच आवाजात ऐकवावी. या एका उपायाने पुष्कळ पैसा वाचेल.

हिशेब

आता वहीतील गोष्ट. समजा, एक जुनी जोडी वीस हजार रुपयांस मिळाली. वाहतूक दीड हजार, किनारी तीन हजार, कपॅसिटर दीड हजार, कारागिराकडील दुसरी खेप एक हजार. एकूण सत्तावीस हजार. पाच वर्षे ही रक्कम अडकली. शेकडा नऊ दराने सरळ व्याज १२,१५० रुपये. पाच वर्षांनी जोडी वीस हजारांस गेली, तर निव्वळ खर्च १९,१५० रुपये, म्हणजे रोजचे सुमारे साडेदहा रुपये.

त्याच सत्तावीस हजारांची नवी जोडी घेतली व पाच वर्षांनी निम्मी किंमत आली, तर व्याजासह निव्वळ खर्च २५,६५० रुपये, म्हणजे रोजचे सुमारे चौदा. येथे जुनी जोडी स्वस्त पडली. परंतु मध्येच तिची गुंडी जळाली व सुटा भाग मिळाला नाही, तर अखेरची किंमत शून्य. मग खर्च ३९,१५० रुपये, रोजचे साडेएकवीस. जुन्या जोडीचे अखेरचे मोल साडेतेरा हजारांच्या खाली गेले की नवी जोडीच स्वस्त ठरते, असा या उदाहरणाचा निष्कर्ष निघतो. प्रत्येकाने आपले आकडे घालून हाच ताळा करावा. हिशेबात दुरुस्तीचा खर्च न धरता केवळ मागणीच्या किंमतीस भुलणे, ही या व्यवहारातील नित्याची चूक आहे.

व्यापार म्हणून या मालाकडे पाहणाऱ्यांस दोन शब्द. या मालास सर्वमान्य प्रतवारी नाही, उठाव मंद आहे आणि प्रत्येक नग वेगळा असतो. परदेशातून वापरलेला असा माल आणण्यास परवान्याचे बंधन आहे. जुन्या मालाच्या व्यापाऱ्यास वस्तू व सेवा कराच्या नियम ३२(५) अन्वये, खरेदीवरील कराची वजावट न घेतल्यास, केवळ नफ्याच्या फरकावर कर भरण्याची सवलत आहे. तिचा लाभ सल्लागारास विचारून घ्यावा. तरीही ज्याच्या पदरी कसबी कारागीर नाही, त्याने या धंद्यात भांडवल गुंतवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घराचा विचार

शेवटी एक गोष्ट, जिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आपल्या घरांतून शहाबादी फरशी, दगडी भिंती व उंच छत असते. अशा खोलीत नाद भिंतीभिंतींवर आपटून फिरतो आणि उत्तम स्पीकरही कर्कश वाटतो. याउलट कापडाच्या दुकानात, गादीतक्के व ठाणांच्या थप्प्यांमध्ये, साधा रेडिओही नीटस वाजतो, याचा अनुभव कापडव्यापाऱ्यांस असेलच. म्हणून नवे-जुने काहीही घेण्यापूर्वी खोलीत जाड सतरंजी अंथरावी, समोरच्या भिंतीवर पडदा सोडावा, स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढावे व बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणावेत. पुष्कळदा एवढ्यानेच घरातील आहे तीच जोडी समाधान देऊ लागते आणि खरेदीचा प्रश्नच उरत नाही.

तात्पर्य, घरात मोठी खोली आहे, जवळपास कसबी कारागीर आहे, सुटे भाग मिळण्याजोगे आहेत, आणि जोडी रोज ऐकली जाणार आहे, अशांनी वरील परीक्षा करून रबरी किंवा कापडी किनारीची, १९७० नंतरची जोडी घेण्यास हरकत नाही. भाव वाढेल या आशेने कोणीही घेऊ नये. आणि गेलेला काळ परत येईल या आशेने तर मुळीच घेऊ नये. ज्या घरी आधीच वडिलांच्या हातची जोडी माळ्यावर पडून आहे, त्यांनी बाजारात जाण्यापूर्वी ती खाली काढावी, धूळ झाडावी, किनार तपासावी आणि दुरुस्तीचा अंदाज घ्यावा. तिची खरेदीची रक्कम केव्हाच फिटली आहे. आता फक्त दुरुस्तीचा खर्च वहीत मांडावयाचा आहे.